सतर्क राहा म्हणे!

जून लागला की मोबाईल बोंबलायला लागतो. अमुक तारखेपर्यंत जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट, घाटमाथ्यावर अतिमुसळधार, नागरिकांनी सतर्क राहावे, प्रशासनास सहकार्य करावे. परवा एका दुपारीच तो मेसेज इतक्यांदा वाजला की आमच्या म्हातारीनं फोन उशीखाली कोंबला. अहो, सतर्क आहोतच की आम्ही! पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. चहाच्या गाड्यावर मॅचचा स्कोअर विचारावा तसं लोक विचारतात, "किती झालं?" आम्ही सतर्क राहून पुढं नेमकं करायचं काय, आणि तोवर तुम्ही काय करताय, तेवढं मात्र कुठल्याच मेसेजात नसतं.

हवामान खात्याला शिव्या घालायचे दिवस गेले, हे आधी मान्य करतो. त्यांचं काम सुधारलंय. चिडायचं कारण पुढं आहे. त्यांनी सांगितलं, वरच्यांनी ते खाली ढकललं, खालच्यांनी आमच्या फोनवर ढकललं, झाली तयारी! उद्या काही झालं तर, "आम्ही इशारा दिला होता."

कोकणात काय झालं बघा. आमची आत्या श्रीवर्धनला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिकडंच धडकलं. ते येणार, कधी येणार, कुठं येणार, सगळं आधी कळलं होतं. माणसं हलवली, जीव वाचले, त्याबद्दल हात जोडतो. पण वादळ दुपारी येऊन गेलं आणि आत्याच्या घरात लाईट कितीतरी आठवडे नव्हती. विहिरीला पाणी आहे, पंपाला वीज नाही. खांब पडणार हे वादळ यायच्या आधी कुणाला सुचलं नसेल? तिची नारळ-सुपारीची वाडी तर आडवीच झाली होती. तिला सांगण्यात आलं, पंचनामा होईपर्यंत झाडं हलवू नका. पंचनामा करणारे कधी येणार ते मात्र कुणी सांगेना. ऐन पावसात म्हातारी बाई पडलेल्या पोफळींवरनं उड्या मारत परसात जात होती. आधी हेक्टरी भरपाई ठरली. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांच्या, त्यांना हेक्टरचा हिशेब लावून हातात काय येणार? ओरड झाली तेव्हा झाडामागं दर ठरला : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. पन्नास रुपयांत आमच्याकडं धड मिसळ येत नाही, आणि पोफळ फळायला पाच-सात वर्षं जातात.

पुढच्याच वर्षी तौक्ते वादळ. इशारा कितीतरी दिवस आधी होता, तरी समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या कामगारांचा पी-३०५ तराफा माणसांसकट भर समुद्रातच राहिला आणि १७ मे २०२१ ला बुडाला. सत्तरच्या वर माणसं गेली ओ! इशारा सगळ्यांना पोचला होता. पोचून उपयोग काय?

आता डोकं फिरवणारी गोष्ट. राज्याला सातशेवर किलोमीटरचा किनारा आहे. खाली आम्ही, सांगली, दर दोन-चार वर्षांनी पाण्यात. आणि राज्याच्या स्वतःच्या आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या कुठं ठेवल्यात? धुळ्याला आणि नागपूरला! धुळेकर-नागपूरकरांशी माझं काही वाकडं नाही, पण नकाशा बघून ठरवलंय का चिठ्ठ्या टाकून? केंद्राच्या आपत्ती दलाचा, म्हणजे एनडीआरएफचा, तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडच्या तळियेवर डोंगर आला. रस्ते पाण्याखाली, पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर गावकरीच हातानं उकरत होते. आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी आधीच कोल्हापुरात आणून ठेवतात, ते चांगलंच आहे. पण त्यासाठी आधी आम्हाला बुडावं लागलं.

२०१९ आठवतंय ना? पाणी ५५ फुटांच्या वर, शिरोलीजवळ हायवे बंद, आणि समुद्रावरच्या नौदलाच्या, तटरक्षक दलाच्या बोटी शिरोळ तालुक्यात उसाच्या शेतांवरनं फिरत होत्या. ती पोरं देवासारखी आली, त्यांना सलाम. पण समुद्रावरनं बोटी मागवाव्या लागतात म्हणजे आमच्या गावच्या बोटी कुठं होत्या? शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांनी वाट बघून बघून होती त्या बोटीत दाटी केली, आणि ती उलटली. त्याच आठवड्यात शासनाचा आदेश निघाला : घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. दोन दिवस! म्हणजे दीड दिवस पाण्यात असणाऱ्याची चूल पेटलेली असते काय?

तयारी दाखवायची हौस मात्र दांडगी. पावसाळ्याआधी रंकाळा तलावावर बचावाचं प्रात्यक्षिक असतं. मांडव, खुर्च्या, पाहुण्यांना बुके. लाईफ जॅकेटची प्लास्टिकसुद्धा काढलेली नसतात. बुडणारा माणूस म्हणून उतरवतात तो पट्टीचा पोहणारा, त्याला वाचवणारे त्याच्यापेक्षा जास्त दमलेले. टाळ्या, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात "प्रशासन सज्ज".

गेल्या पावसाळ्यात रेडेडोह फुटल्याची, म्हणजे नदीचं पाणी पात्र सोडून रस्त्याकडं आल्याची, बातमी आली म्हणून एका सरकारी नियंत्रण कक्षात फोन केला. केर्लीकडनं रत्नागिरी रस्ता चालू आहे का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर आलं, "व्हॉट्सॲपला ग्रुपवर बघा की." मी म्हटलं, कुठल्या ग्रुपवर? फोन कट.

मागणी काही आभाळातली नाही. चिखली-आंबेवाडीला दरवेळी पहिल्यांदा पाणी येतं, हे आमच्या आजोबांनाही माहीत होतं. मग मे महिन्यातच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा : बोट कुणाच्या ताब्यात, इंजिनात तेल कोण भरणार, चालवणार कोण, जनावरं कुठं बांधायची, छावणीत चारा कोण देणार. खाली फोन नंबर. आणि जरा चालू नंबर टाका, कारण गेल्या खेपेच्या यादीत पहिला नंबर बदली होऊन गेलेल्या साहेबांचा होता आणि दुसरा लागतच नव्हता.