न रंगवलेला कोपरा

नागपूरच्या झिरो माइलच्या स्तंभाचे चित्र मी गेले अडीच महिने रोज रात्री पेन्सिलीने काढतो आहे आणि आता ते पूर्ण होत आले आहे. हाफ इम्पिरियल आकाराच्या कागदावर ते चार घोडे, मधला स्तंभ आणि हैदराबाद, जबलपूर अशा गावांची मैलांतली अंतरे कोरलेला दगड आहे, आणि या सगळ्याला वर्तमानपत्रांच्या रद्दीने वेढले आहे. अंतर मोजायला आपल्या नागपुरात एक ठरलेला दगड आहे. बातमी पारखायला तसा दगड नाही, ही बेचैनी मला स्वस्थ बसू देत नव्हती.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, त्या पहाटे धरण फुटल्याचा निरोप आमच्या फोनवर पुन्हा पुन्हा येत होता. धरण फुटले नव्हते. पण तो निरोप वाचून आई अंधारात, गुडघाभर पाण्यातून, पोथी आणि घराचे कागद छातीशी धरून जिना चढली आणि तिने कठडा जसा घट्ट धरला, तो हात मी रद्दीतल्या एका पानावर काढला आहे.

बातम्यांचे रकाने कडक २एच पेन्सिलीने, मथळे मऊ ६बी ने. शिशात माती जास्त असेल तर रेघ कडक व फिकी उमटते, ग्राफाइट जास्त असेल तर मऊ व काळी. हे मिश्रणही टंचाईतूनच आले: युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचे ग्राफाइट मिळेना, तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून ती भट्टीत भाजली.

उजवीकडचा कोपरा मी कोरा ठेवला आहे. चित्र अपुरे दिसते, असे मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. जे मला ठाऊक नाही तिथे बोटाने शेड पसरवून भरीवपणाचा आभास निर्माण करणे फार सोपे असते, आणि 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणत रकाना भरणाऱ्यांवर माझा राग नेमका त्याच कारणासाठी आहे.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा, अजून मारलेले नाही. त्या हाताची तर्जनी मनासारखी उतरलेली नाही, म्हणून रविवारी आईला पुन्हा कठड्यापाशी उभे राहायला सांगणार आहे.