बाथरूममध्ये दार लावून

माझ्या संग्रहातली जुनी टपाल तिकिटं आणि नाणी अस्सल की नकली ते तपासायला यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च घेतल्यापासून मी रात्री बाथरूममध्ये दार लावून बसतो आणि बाहेरून बायको विचारते, "अहो, पोट बरं आहे ना?" आता तिला काय सांगू, पूर्ण काळोख मिळेल अशी घरात तेवढीच एक जागा आहे.

पहिली टॉर्च ३९५ नॅनोमीटरची निघाली. ती लावली की सगळंच जांभळं, नाणंही जांभळं, नळही जांभळा. मग शहाणा होऊन ३६५ची घेतली, काळ्या फिल्टरवाली, आणि लावल्या लावल्या काय पेटलं, तर माझा धुतलेला बनियन! धुण्याच्या पावडरीत जे ब्राइटनर असतं तसलंच काहीतरी साधारण १९५०च्या दशकापासून पांढऱ्या कागदातही घालायला लागले, म्हणून त्याआधीचं तिकीट निळंपांढरं चमकलं की पोटात गोळा येतो.

माझं शंभरी ओलांडलेलं, सगळ्यात लाडकं तिकीट चमकलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आठवलं की मीच ते नव्या पांढऱ्या पाकिटांच्या तुकड्यांबरोबर एकाच वाडग्यात भिजत घातलं होतं, म्हणजे पाकिटातलं ब्राइटनर पाण्यातून तिकिटावर चढलं असणार. असणार! आता ते नकली आहे की मी बावळट, हे कोणती टॉर्च सांगणार?

नाण्याचं आणखी वेगळं. धातू स्वतः चमकत नाही, चमकतं ते त्यावरचं लॅकर, गोंद, ओरखडा बुजवायला भरलेली लुकणं. माझ्या चांदीच्या नाण्यावर केसाएवढी रेघ लखलखली, मी भिंग लावून अर्धा तास विक्रेत्याला शिव्या घातल्या, मग नुसती फुंकर मारली तर रेघ उडून गेली. टॉवेलचा धागा.

फॉस्फरच्या, म्हणजे यूव्हीत चमकणाऱ्या रसायनाच्या, पट्ट्या बघायच्या (ब्रिटनने १९५९ साली टपालाची वर्गवारी करणाऱ्या मशीनसाठी तिकिटांवर छापायला घेतल्या त्या) तर २५४चा शॉर्टवेव्ह दिवा लागतो, पण तो डोळ्यांना वाईट, गॉगल लावावा लागतो, आणि बाथरूममध्ये रात्री गॉगल लावून बसलेला नवरा मला बायकोला दाखवायचा नव्हता.

शेवटी तिने दार उघडायला लावलंच. टॉर्च हातात घेतली, तिकिटाकडे ढुंकूनही बघितलं नाही, थेट माझ्या तोंडावर मारली.

"हसा जरा." हसलो.

"सगळे दात चमकतायत, हा एक काळा. नकली."

कॅप बसवलेली आहे त्याला, बारा वर्षं झाली.