कादंबरीतून फायदा कसा काढावा

तुम्ही अलीकडे कादंबरी वाचलीत, असं कळलं. लाजू नका, होतं असं कधीकधी. आता वाचून झालीच आहे, तर निदान पैसे तरी वसूल करून घेऊ.

मुळात कादंबरी म्हणजे स्वतःला सुधारायच्या पुस्तकाचं अर्धवट राहिलेलं हस्तलिखित. प्रकरणाच्या शेवटी चौकटीत मुद्दे द्यायचे असतात, ते लेखक विसरून गेलेला असतो. ते आपण भरायचे. पिवळा हायलायटर घ्या आणि बसा.

सुरुवात भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'पासून करू. ही १९६३ची, म्हणजे पहाटे उठण्याच्या शास्त्राची आपल्याकडे अजून दुकानं लागायची होती. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, वडिलांचे पैसे उडवतो, मेस चालवायला घेऊन खड्ड्यात जातो आणि शेवटी गावी परततो. सकाळचं रूटीन नाही, पाच वर्षांचं ध्येय नाही. वहीत लिहा: 'मेस घेण्याआधी उधारी बघावी.' झाली कोसला.

फक्त मनीच्या मरणाशी जरा अडायला होईल. पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते आणि पुढच्या पानांवर हायलायटर चालतच नाही. अमलात आणण्याजोगं एक वाक्य सापडेल तर शपथ. पांडुरंग त्या दुःखातून काही शिकत नाही, खंबीर होत नाही, 'प्रत्येक संकट ही संधी असते' असं एकदाही म्हणत नाही. या पानांवर चांगली शिकलीसवरलेली माणसं पुढचं पान न उलटता तशीच बसून राहतात, आणि मग घरच्यांना चहा पुन्हा गरम करावा लागतो. हे नुकसान कोण भरून देणार? तुम्ही ही पानं ओलांडा. फारच रुखरुख लागली तर 'लस वेळेवर टोचून घ्यावी' असा मुद्दा घाला.

'बनगरवाडी' त्या मानानं आशादायक. तरुण मास्तर, धनगरांची वाडी, बंद पडलेली शाळा सुरू होते, गाव एकत्र येऊन तालीम बांधतं. नेतृत्व म्हणा, लोकसहभाग म्हणा, सगळं आहे. इथेच थांबावं की नाही? पण माडगूळकर दुष्काळ आणतात, वाडी ओस पडते आणि मास्तरची बदली होते. शेवट कापून वाचा, उत्तम पुस्तक आहे.

१९३९चं 'रणांगण' आकारानं लहान, त्यामुळे खर्च होणारा वेळ कमी. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर चक्रधर आणि नाझींच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हेर्टा. मुद्दा: 'प्रवासात ओळखी वाढवाव्यात, गुंतू नये.'

आता दुसरं कपाट. कल्पनारम्य काही वाचावंसं वाटलं तर इकडे या. जेम्स क्लिअर 'ॲटॉमिक हॅबिट्स'मध्ये सांगतो की रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेर तुम्ही ३७ पट चांगले व्हाल. कशात ३७ पट, कुठल्या तराजूवर, असले प्रश्न चक्रवाढ व्याजाला विचारू नयेत. (सवयीची वेळ आणि जागा आधी ठरवून ठेवा, हा त्यातला सल्ला खरोखर कामाचा आहे. अडचण अशी की तो एका वाक्यात संपतो.) त्याचाच दोन मिनिटांचा नियम आहे: रोज वाचायची सवय लावायची तर एका पानापासून सुरुवात करा. हा नियम तेवढाच धरून नेमाड्यांचीच 'हिंदू' ही कादंबरी वाचायला घ्या. सहाशेच्या आसपास पानं, म्हणजे दीडेक वर्षाच्या वर गेलं. पण शेवटच्या पानापर्यंत तुम्ही मूळच्या जवळजवळ चारशे पट सुधारलेले असाल, आणि इतक्या सुधारलेल्या माणसानं खंडेरावाच्या घराण्याच्या भानगडी वाचायच्याच कशाला?

पहाटेचं काय, ते 'द 5 एएम क्लब' या पुस्तकाचे लेखक रॉबिन शर्मा सांगतात. पाचला उठायचं आणि पहिल्या तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग पाडायचे. 'प्रभाते मनी राम चिंतीत जावा' हे समर्थांनी केव्हाच सांगून ठेवलंय, असं आजी म्हणेल. तिला म्हणू द्या. ते फुकट पाठ झालं होतं, म्हणून तर आपण आठला उठत राहिलो. पदरचे पैसे मोजल्याशिवाय पहाट होत नाही.

राहता राहिला चारचौघांत बोलण्याचा प्रश्न. 'कादंबरी कशी वाटली?' असं कुणी विचारलं, तर वाटण्याबिटण्यात शिरू नका. पानं किती, दिवस किती, मुद्दे किती निघाले, एवढं सांगून मोकळे व्हा. आणि समोरचा 'रणांगण'च वाचायला घेणार असेल, तर हेर्टाचं शेवटी काय होतं ते आत्ताच सांगून टाका. तेवढाच त्याचाही वेळ वाचेल.