मिंट २२ देवगडात चालवून पाहिलं
जुना लॅपटॉप टाकण्याआधी लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मी देवगडला घरी अमलात आणला. रॅम ४ जीबीच, म्हणून मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घेतली. वायफाय, आवाज लगेच चालले. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड जोडला. मिंट २२ ला उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमचा पाया असल्याने २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक मात्र त्या लेखात हवं होतं. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक गेलेलीच असते. अपडेट अर्धवट राहिलं तर सिस्टीम बिघडू शकते. म्हणून अपडेटआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी सिस्टीमची प्रत, घ्याच. त्यात आपल्या स्वतःच्या फाइली आपोआप येत नाहीत. आंब्याचा हिशेब मी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलाय.