म्हणे, 'दोनच सेकंद खाली बघितलं'

सिग्नल लाल, मी थांबलेलो, हँडब्रेक ओढलेला. मागून धाडकन! मान पुढे, मान मागे, डिकीचं झाकण आपोआप वर. उतरून बघतो तर मागच्या गाडीतले साहेब स्टिअरिंग धरून बसलेत आणि मांडीवर फोन उजळलेला. अर्धवट टाइप केलेला मेसेज. 'ह'पर्यंत पोचला होता पठ्ठ्या. त्याच्या एका 'हो'पायी माझी गाडी मागून चेपली.

काच खाली करून पहिलं वाक्य काय, तर "सॉरी हो, दोनच सेकंद खाली बघितलं." ताशी साठच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते. तेवढं अंतर कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलं तर त्याला वेडा म्हणतील. फोन बघत चालवलं की तो कामात असतो!

आणि पोलीस आल्यावर? "नाही साहेब, फोन खिशात होता. यांनीच अचानक ब्रेक मारला." अहो, उभ्या गाडीला कुठला ब्रेक मारू मी? बोलता बोलता माझ्या डोळ्यांदेखत अंगठ्याने मेसेज पुसला. या लोकांना खरंच वाटतं की स्क्रीनवरून गेलं म्हणजे जगातून गेलं. कॉल कधी लागला, कधी तुटला, याची नोंद कंपनीकडे असते. कोर्ट ती मागवू शकतं. फोन जप्त झाला तर पुसलेलंही पुष्कळदा परत मिळतं, आणि मग मूळ चूक राहते बाजूला, पुरावा का पुसलास हेच आधी विचारतात.

कायदे नाहीत असंही नाही. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातातल्या फोनचा वापर सरळ धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलाय. दंडाबरोबर तुरुंगाचीही तरतूद आहे. ब्रिटनची तर गंमतच. तिथे हातात फोन धरून चालवायला बंदी २००३ ची. पण एका गड्याने गाडी चालवता चालवता बाजूला झालेल्या अपघाताचं शूटिंग केलं, आणि २०१९ मध्ये हायकोर्टात सुटला! का, तर कायदा फोनवरून संपर्क साधण्याविषयी होता, शूटिंगविषयी नाही. अपघात बघून सावध व्हायचं सोडून हा व्हिडिओ काढतो आणि वर सुटतो. शेवटी मार्च २०२२ मध्ये त्यांनी ती फट बुजवली. आता फोटो काढा, गाणी शोधा, नुसतं बोट फिरवा, दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर गुन्ह्याचे सहा पॉइंट. लायसन्सला दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटांत ते रद्दच.

कागदावर हे सगळं झकास. प्रत्यक्षात धावपळ कोणाची? ज्याला ठोकलं त्याची. रेकॉर्ड मागवा म्हणून अर्ज मी करायचा, साक्षीदार मी शोधायचे, मानेला पट्टा लावून खेटे मी घालायचे. तो मात्र घरी बसून 'हो' पूर्ण करतोय.

कळस पुढे आहे. जबाबात अपघाताची वेळ लिहिली 'अंदाजे सव्वातीन'. मी थरथरत फोन लावला तो तीन वाजून बारा मिनिटांनी. झालं! विम्याचा माणूस चष्म्यावरून बघत विचारतो, "अपघाताच्या तीन मिनिटं आधी तुम्हीही फोनवर होतात की?" म्हणजे चूक दोघांची, भरपाईतून माझा वाटा वजा! सव्वातीन कोणी लिहिलं? घड्याळ न बघता हवालदाराने. आणि सही कोणी केली? न वाचता, मी. (या एका गोष्टीसाठी माझीच मला चीड येते.)

म्हटलं, हो, होतो ना फोनवर. नंबर बघा की जरा. पोलिसांनाच लावला होता!