रजेतलं फॉलिन

फौजेत वर्षाला 60 दिवस ॲन्युअल आणि 30 दिवस कॅज्युअल रजा असते, हे ऐकून सिव्हिलमधली माणसं आपल्याकडे जावयाकडे बघावं तसं बघतात. रजा असते, पण हाती पडते ती तुकड्यातुकड्यांनी, आणि तीही शेजारच्या कॉटवाला परत हजर झाल्यावर. एकाच सेक्शनमधल्या चौघांना एका वेळी सोडायला साहेब काय खुळे आहेत? पण पलटण सियाचीनला निघायची असली की रजेच्या रजिस्टरला पाझर फुटतो. 'जाऊन या रे सगळे घरी,' असं सुभेदारसाहेब चक्क आवाज न चढवता म्हणतात. त्या आवाजावरूनच कळतं, पुढचं ठिकाण उंचावर आहे.

तर चौघांच्या रजा जुळल्या आणि आमच्या रेडिओवाल्याने टूम काढली, की शेवटचे तीन-चार दिवस मुरुडला काढू. दापोलीजवळचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. 'शेवटचे म्हणजे रजेतले शेवटचे,' हे त्याला घरी तीनदा समजावून सांगावं लागलं म्हणे.

माझ्या घरी वेगळंच. "वर्षभर त्यांचीच तोंडं बघता, पुढे बर्फातही त्यांचीच बघणार, आणि मधे घरी आलात तर परत त्यांचीच?"

मी म्हटलं, "वर तोंडं दिसत नाहीत गं. गॉगल असतो, टोपी असते."

याने प्रकरण मिटेल असं मला वाटलं होतं. शेवटी तह झाला तो असा: गच्चीची गळती काढायची, सासऱ्यांच्या बोअरची मोटर वर ओढायची, धाकट्याचं जावळ उरकायचं, आणि येताना सुकट आणायची. वर सुक्या बोंबलांचा दंड. सीमेवरची फ्लॅग मीटिंग यापेक्षा लवकर आटपत असेल.

मुरुडला एका काकूंच्या वाडीत दोन खोल्या घेतल्या. येतानाच ठरलं होतं, की सकाळी उठायचं नाही. पीटी नाही, फॉलिन (रांगेत उभं राहून हजेरी) नाही, दाढीसुद्धा नाही. पहिल्याच पहाटे साडेचारला माझे डोळे टक्क उघडले. बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून मी कूस न बदलता पंख्याकडे बघत पडलो. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातून उस्तादांचा दबका आवाज आला, "कोण कोण जागं हाय रं?"

तिघांचं 'हजर' एकदम आलं.

उस्ताद म्हणजे आमचे सेक्शनचे हवालदार, सातारकडचे. गिनती झालीच आहे तर जरा पळून येऊ, म्हणाले. अंधारात चार माणसं किनाऱ्यावरून पाय मिळवून धावताना दिसली तर पर्यटकाने काय समजावं? पुण्याच्या एका आजोबांनी वाटेत आडवं येऊन विचारलं, "कुणी बुडालंय का हो?" नाही म्हटल्यावर जरा नाराज झाले.

पळून आल्यावर उस्तादांनी लाटेत पाय बुडवले आणि जाहीर केलं, "उंची शून्य!" खरंच की. नकाशावरची झाडून सगळी उंची इथूनच मोजायची. आमचा बेस कॅम्प बारा हजार फुटांच्या आसपास, आणि पोस्टा त्याच्याही कितीतरी वर. एकदम चढलं तर फुप्फुसांत पाणी भरतं, म्हणून आधी शरीराला सवय लावायची: पहिल्या टप्प्यात सहा दिवस, मग थोडं वर जाऊन चार, आणखी वर जाऊन पुन्हा चार. समुद्रसपाटीला उतरणाऱ्यांसाठी मात्र कोणी टप्पे आखलेले नाहीत. मे महिन्यातल्या कोकणच्या घामाची सवय होईपर्यंत आमची परतायची वेळ झाली.

ग्लेशियर हा शब्द काढायचा नाही, असाही एक अलिखित नियम होता. तो काकूंनीच मोडला. सोलकढी देताना विचारलं, "बर्फ घालू काय रे?" चौघंही एका सुरात ओरडलो, "नको!" वर अंड्याचा दगड होतो आणि संत्रं हातोडीने फोडावं लागतं, असं जाऊन आलेले सांगतात. ते ऐकल्यापासून आमचा एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन सांभाळणारा, जे ताजं दिसेल ते खात सुटला होता. टोमॅटोसुद्धा सफरचंदासारखा चावून. पुढे डबाबंद राशन आहेच, म्हणायचा.

शेजारच्या खोलीतले पाहुणे मायाळू होते, पण चौकस. "उणे पन्नास? मग एसीचं बिल वाचतं की!" असं म्हणून ते स्वतःच बराच वेळ हसले. मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला. आता देशाच्या सुरक्षेबद्दल काही विचारतील म्हणून उस्ताद सावरून बसले. "कॅन्टीनचं काही आणलंय का?"

दुसऱ्या दिवशी हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग बघितला. लोक फोटो काढत होते. आमच्यात वाद पेटला होता, की भरतीला उतरायचं की ओहोटीला, एलएमजी कुठल्या बुरुजावर ठेवायची, आणि तटाखाली आडोसा कुठे सापडेल. होडीवाल्याने दोनदा हाका मारल्या. किल्ला मराठ्यांचाच आहे, तो आपणच आपल्याकडून घेतोय, हे रेडिओवाल्याच्या लक्षात आलं तेव्हा निम्मा तट सर झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी करायला काहीच उरलं नाही. फौजी माणूस रिकामा बसला, की त्याला दगड दिसतात. काकूंच्या मागच्या पडवीत चुन्याची गोणी आणि गेरू सापडला. संध्याकाळपर्यंत वाडीतले दगड एकाआड एक पांढरे-तांबडे होऊन दोरीत उभे होते, आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत सगळ्या माडांना पांढरे पट्टे बसले होते. चपलाही उंचीप्रमाणे लागल्या होत्या. काकू देवळातून आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"मेल्यांनो, मंत्री येतोय काय माझ्याकडे?"

पण निघताना त्यांनी पैसे पूर्ण घेतले नाहीत. सुकटीची पुडी बांधून दिली, वर बोंबील. उस्तादांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "विहिरीचा कठडा तेवढा राहिला हो. पुढच्या मे महिन्यात याल काय?"

उस्तादांनी खिशातली वही काढली, तारीख टाकली, आणि खाली लिहून घेतलं: कठडा, चुना दोन हात, माणसं चार.