श्रमदानाचं अर्थशास्त्र

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाला दोन गोष्टी न मागता मिळतात. एक म्हणजे सकाळचा पहिला तास आणि दुसरी राष्ट्रीय सेवा योजनेचा चार्ज. पहिली निदान तोंडावर सांगतात. दुसरी मला स्टाफरूमच्या नोटीस बोर्डावर वाचायला मिळाली. 'रासेयो कार्यक्रम अधिकारी' या शब्दांपुढे माझं नाव होतं, आणि आधीचे अधिकारी माझं अभिनंदन करताना इतके मनापासून हसत होते की तेवढं मनापासून त्यांना मी आधी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

मी अर्थशास्त्र शिकवतो. श्रम, भांडवल, उत्पादकता असे घाम काढणारे शब्द पंख्याखाली उभं राहून उच्चारायचे, एवढंच माझं काम. ते शब्द एके दिवशी कुदळ घेऊन माझ्यासमोर उभे राहतील असं नेमणूक पत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

योजना मोठी, तिचा इतिहासही मोठा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. हिशेबही सरळ आहे. वर्षाला १२० तास सेवा, दोन वर्षांत २४०, शिवाय सुटीत दत्तक गावात ७ दिवसांचं निवासी शिबीर. १०० स्वयंसेवकांच्या युनिटमधून शिबिराला ५० जण न्यायचे. कोणते ५०, हे मात्र नियमावली सांगत नाही. ते पालक सांगतात. 'सर, तिला धुळीची ॲलर्जी आहे, तर श्रमदानाऐवजी देखरेखीचं काम देता येईल का?' असा एक फोन. 'याला रात्री एकट्याला झोपायची सवय आहे,' असा दुसरा. एका वर्गात पंचवीस जण झोपणार होते. त्यात एकटेपणाची सोय कुठून आणणार? तिसऱ्या गृहस्थांनी तर आडपडदाच ठेवला नाही. म्हणाले, 'शिबिराला न येता शिबिराचे गुण मिळतात का, एवढंच सांगा.'

दिवाळीच्या सुटीत जिल्हा परिषदेची शाळा रिकामी असते, म्हणून मुक्काम तिथे. जाण्याआधी मी मुलांना बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचं उदाहरण ठणकावून दिलं होतं. तिथे ऐन मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हात मुलं राबतात, तुम्हाला तर सुखाची थंडी आहे, वगैरे. भाषण झालं तेव्हा टाळ्या पडल्या, तीही रासेयोची खास तालातली टाळी. त्या टाळीत आणि प्रत्यक्ष कामात काही संबंध असतो असं मला तेव्हा वाटत होतं.

आमच्या छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे २४ तास. स्वयंसेवक अष्टौप्रहर सेवेला तयार, असा त्याचा अर्थ. पहिल्याच पहाटे शिट्टी मारून मी वर्गात गेलो तेव्हा सगळ्या आऱ्यांनी पांघरुणं डोक्यावरून ओढून घेतली होती. कसंबसं उठवून, पी.टी. उरकून, साडेसहाला प्रभातफेरी काढली. गावाला जागं करायला निघालो खरे, पण गाव चार वाजल्यापासून जागंच होतं. धारा काढून, डेअरीवर दूध घालून परतणारी माणसं रिकाम्या किटल्या घेऊन रस्त्याच्या कडेला थांबून आम्हाला वाट देत होती. 'उठा, जागे व्हा' असं ओरडणारी आमची पोरंच काय ती त्या वेळी गावात पेंगत होती.

मुख्य काम होतं वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या 'वनराई'ने गावोगाव पोहोचवलेला हा प्रकार दिसायला अगदी बाळबोध आहे. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यात वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि पावसाळा संपल्यावर ओढ्यात जे पाणी वाहत असतं त्याच्या आडव्या रचायच्या. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो, रब्बीला एखाद-दुसरं पाणी जास्त देता येतं. कागदावर मी त्याचं नियोजनही केलं होतं. १० जण खोदणार, १० भरणार, १० शिवणार, १० वाहणार, १० रचणार. श्रमविभागणी! माझ्या विषयातला पहिला धडा.

दुसरा धडा ओढ्याने शिकवला. घटत्या फलाचा नियम मी दरवर्षी फळ्यावर वक्ररेषा काढून शिकवतो आणि दरवर्षी तो मुलांच्या डोक्यावरून जातो. इथे तो सगळ्यांना दिसला. पहिले १० जण ओढ्यात उतरले तेव्हा काम पळत होतं. २० झाले तेव्हा चालायला लागलं. ३० झाल्यावर थांबलं. ५०वा उतरला तेव्हा रचलेल्यातल्या चार गोण्या कमी झाल्या, कारण त्या बसायला काढल्या होत्या. शिवाय प्रत्येक घमेल्यामागे एक फोटो. घमेलं उचलताना एक, देताना एक, आणि 'अरे, माझा चेहरा नाही आला' म्हणून तीच माती परत खाली ओतून पुन्हा एक. दहा वाजता एकाने येऊन विचारलं, 'सर, सावलीतलं श्रमदान नाही का?'

काठावर एक आबा बसले होते. डोक्याला पटका, हातात विळा, बहुतेक वैरणीला निघाले असतील. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ''मास्तर, ह्ये पानी आडवाय बांधलंय का सोडाय?''

मी नियोजनाचा कागद दाखवायला लागलो. तोवर आबांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. पहिलं काम त्यांनी केलं ते आमचे तीन थर उतरवायचं. ''सांध्यावर सांधा न्हाय येऊ द्यायचा. वरची गोनी खालच्या दोघींच्या मधी बसली पायजे.'' मग दाभण मागितलं. गोणीचं तोंड दोनदा दुमडायचं, दुमड अंगठ्याने दाबून धरायची, दाभण पलीकडून घालून सुतळी आपल्याकडे ओढायची आणि दर टाक्याला एक आढी. आमच्यातल्या एका मुलीने, तीच ती धुळीच्या ॲलर्जीवाली, ते बघून चटकन उचललं. संध्याकाळपर्यंत तिचे टाके आबांच्या टाक्यांतून वेगळे ओळखता येत नव्हते. तिला शिंक आल्याचं काही मी ऐकलं नाही. आबांनी ५०पैकी आठ जण निवडले आणि बाकीच्यांना एकच काम दिलं: ''तुमी लांब उभं ऱ्हावा.'' त्या क्षणापासून बंधारा उठायला लागला.

दुपारच्या बौद्धिक सत्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 'ग्रामविकासात युवकांची भूमिका' या विषयावरचे वक्ते तासभर उशिरा आले आणि तो तास त्यांनी शेवटी भरून काढला. जेवणात पिठलं-भाकरी होती. युवकांची भूमिका त्या वेळी बहुतांशी आडवी होती.

सर्वेक्षण मात्र लक्षात राहिलं. प्रश्नावलीत वार्षिक उत्पन्नाचा रकाना होता. एका घरी आमच्या मुलाने आजींना विचारलं, ''आजी, तुमचं वर्षाचं उत्पन्न किती?''

''तुज्या बापाचं किती हाय रं?''

त्याला माहीत नव्हतं. रकाना कोराच राहिला, पण आजींनी त्याला बसवून चकल्या खायला घातल्या आणि तुझा बाप काय करतो, आई काय करते, बहिणीचं लग्न जमलं का, याची अशी काही नोंद करून घेतली की माहिती आमच्याकडून गावाकडे गेली, उलट नव्हे. पुढे तीन घरांत त्याला नावानिशी हाक आली. मला विचाराल तर सर्वेक्षण असं करतात. आमची प्रश्नावली कुठल्याशा कपाटात गेली, आजींची माहिती अजून गावात फिरत असेल.

शेवटच्या दिवशी बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठलं. समारोपाला पाहुणे आले, नारळ फुटला, बॅनरसमोर सगळ्यांचा फोटो निघाला. त्यात आबा नाहीत. ते बॅनरच्या मागे होते, वाऱ्याने ते उडू नये म्हणून एक टोक धरून.

खरी सेवा मात्र त्यानंतर सुरू होते, आणि ती हिशेब विभागाची असते. अनुदान मिळवायचं तर प्रत्येक पैशाला पावती हवी. टेम्पोवाल्याची मिळाली, किराणावाल्याची मिळाली. पण पहाटे आंघोळीचं पाणी तापवायला ज्यांनी लाकडं दिली त्यांना पावती मागितल्यावर ते म्हणाले, ''पैशे कुटं घेतलेत?'' पैसे घेतलेच नाहीत म्हटल्यावर खर्च नाही, आणि खर्च नाही तर लाकडंही नाहीत. कागदोपत्री ५० मुलं सात दिवस गार पाण्याने आंघोळ करत होती. त्यातल्या निम्म्यांनी ती केलीच नव्हती, हे मी अहवालात लिहिलं नाही.

राहता राहिले आबा. त्यांनी तीन दिवस काम केलं होतं आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं माझ्या विषयाला शोभत नव्हतं. पण मजुरी दाखवता येईना, कारण श्रमदानात मजुरी हे शीर्षच नाही. कार्यालयातल्या जाणत्या माणसाने वाट दाखवली: 'मार्गदर्शकाचं मानधन' लिहा. लिहिलं. आठवड्याने कागद परत आला. वर लाल शाईत शेरा: 'मार्गदर्शकाचा विषय, शैक्षणिक पात्रता व अनुभव नमूद करावा.'

रविवारी पुन्हा गावी गेलो. आबा गोठ्यात होते. शेणाचे हात धुऊन आले आणि मी फॉर्म वाचून दाखवू लागलो. विषय: जलसंधारण. पात्रता विचारली तर म्हणाले, ''चौथी. पर मास्तर, पास लिवू नगा.'' मग मी अनुभवाच्या रकान्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, ''आबा, किती वर्षांचा लिहू?''

आबांनी जरा विचार केला.

''कशाचा लिवताय? बंधाऱ्याचा का पोरांचा?''